रिकाम्या स्टेजला टाळ्या

१

टाळ्याताईने आपलं काम काय ते सांगितलं की लोक आधी हसायचे आणि मग विचारायचे, "अय्या, याला पण माणूस लागतं?"

लागतं हो. टीव्हीवर गाण्याची स्पर्धा रंगात आलेली असते, कुणीतरी वरचा सूर लावतं आणि तिसऱ्या रांगेतली बाई डोळ्यांना रुमाल लावते. तो रुमाल त्या सुरामुळे निघालेला नसतो. तो सकाळी साडेदहालाच निघालेला असतो, रिकाम्या स्टेजकडे बघून, टाळ्याताईच्या इशाऱ्यावर. संध्याकाळी गाणी सुरू झाली की सगळे कॅमेरे गाणाऱ्यांमागे धावतात, प्रेक्षकांकडे बघायला सवड कुणाला? म्हणून हसू, रडू, थक्क होणं, सगळं सकाळीच घाऊक टिपून ठेवायचं आणि मग एडिटरने लागेल तिथे चिकटवायचं.

इशारे ठरलेले. एक बोट म्हणजे हसू. दोन बोटं म्हणजे टाळ्या. तीन म्हणजे उभं राहून टाळ्या. तळहात छातीवर म्हणजे डोळ्यांत पाणी. आणि वर धरलेली बंद मूठ म्हणजे सगळं बंद. तीनशे माणसं त्या मुठीसरशी अशी गप्प व्हायची, की टाळ्याताईला वाटायचं, हीच मूठ घरी चालली असती तर नवरा टिकला असता.

चेहरे दिसायला हवेत म्हणून ती उभी राहायची स्टेजकडे पाठ करून. बावीस वर्षं. या बावीस वर्षांत तिने एकही गाणं समोरून ऐकलेलं नव्हतं, सगळी पाठीने ऐकली होती.

आता गंमत अशी, की रिकाम्या स्टेजकडे बघा म्हटलं की तीनशे माणसं तीनशे दिशांना बघतात. म्हणून स्टेजच्या मधोमध, पिवळ्या पट्टीच्या फुलीवर, एक मोडका माईकचा स्टँड उभा करायचे आणि त्यावर एक चमचमतं जाकीट टांगायचे. सगळ्यांनी त्याच्याकडे बघायचं. टाळ्याताईने त्याचं नाव ठेवलं होतं काडी.

"काडीबाई आल्या का गं?" ती सकाळी आत शिरता शिरता विचारायची. "आल्या असतील तर सुरू करू. त्यांच्याएवढी शिस्त कुणाला नाही. वेळेवर येतात, चहा मागत नाहीत."

२

या सीझनला तर टाळ्याताईचे पाय जमिनीवर नव्हतेच. कारण स्पर्धेत चिमणी होती.

चिमणी म्हणजे तिची भाची. थोरली बहीण गेली तेव्हा पोर नऊ वर्षांची होती, तेव्हापासून मावशीकडेच. आता एकोणीस. तिथे काम करणाऱ्यांच्या नात्यातल्या कुणी भाग घ्यायचा नाही असा नियम होता, म्हणून दोघींनी आपलं नातं घरीच ठेवलं होतं. स्टुडिओत चिमणी तिला परक्यासारखी "नमस्कार मॅडम" म्हणायची आणि मावशी कोपऱ्यात जाऊन तोंड दाबून हसायची.

पहिल्या आठवड्यातले प्रेक्षक म्हणजे नुसते दगड. डास मारल्यासारख्या टाळ्या. छातीवर तळहात ठेवून ठेवून हिचा हात भरून आला, पण एका डोळ्यात पाणी येईल तर शपथ. वरच्या खोलीतून एडिटर माईकवर ओरडला, "ताई, हे लोक बसची वाट बघतायत असं वाटतंय!"

मग टाळ्याताईने गोष्ट सांगायला घेतली.

"हे बघा, हा स्टँड नाहीये. ही एक मुलगी आहे. आई नाही हिला. शेजारचे भिंतीवर धपाधप मारतात म्हणून ही कपड्यांच्या कपाटात डोकं घालून गाते. आईच्या जुन्या स्वेटरमध्ये तोंड खुपसून. दहा वर्षं. आज पहिल्यांदा ती कपाटाच्या बाहेर गातेय."

गोष्ट अर्थात चिमणीची होती. दुसरी आणायची कुठून? पण काय सांगू, समोर धरण फुटलं. तिसऱ्या रांगेतल्या निवृत्त नर्सबाई तर मुसमुसून रडल्या. एडिटर वरून म्हणाला, "सोनं आहे, सोनं!"

प्रेक्षकांतले निम्मेअर्धे दर आठवड्याला तेच असायचे. पुढच्या खेपेला त्यांनीच विचारलं, "ताई, त्या मुलीचं पुढे काय झालं?" मग काय, टाळ्याताईला चढलाच जोर. तोंडाला कुलूप नाही हे तिचं जुनं दुखणं. दर आठवड्याला गोष्ट वाढत गेली. ती गाण्याआधी केस कानामागे सारते. डावा पाय जरासा मागे घेते. लहानपणी कपाटाचं दार लागलं, भुवईवर टाका पडला. "इथे," असं म्हणून तिने स्वतःच्या डाव्या भुवईवर बोट टेकवलं. चिमणीचा टाका उजव्या भुवईवर होता, हे तिला घरी गेल्यावर आठवलं. म्हटलं, असू दे. काडीबाई थोडीच तक्रार करणार आहेत.

३

पाचव्या आठवड्यात ती अजून घसा खाकरत होती. बोट वर केलेलं नव्हतं, गोष्टही सुरू केली नव्हती. आणि समोरचे तीनशे डोळ्यांचे जोड हळूच डावीकडे वळले.

कुणी उशिरा येऊन पायऱ्या चढलं की बघतात ना, तसे. मग ते डोळे सावकाश, सगळे मिळून, डावीकडून मध्यावर आले. थांबले. आणि नर्सबाई हसल्या. ओळखीच्या पोरीला बघून हसावं, तशा.

टाळ्याताईने मागे वळून बघितलं.

कुणी नव्हतं. दिवे, रंगवलेल्या पायऱ्या, काडी. जाकिटाची एक बाही पंख्याने हलत होती. स्टँड मात्र फुलीवर नव्हता. वीतभर पुढे होता.

"कुणी हलवला हा?" तिने विचारलं.

"कुणी नाही, ताई," दिवेवाला शिडीवरून म्हणाला. "तुम्हीच ढकलला असाल, हातवारे करताना. काय कमी आहेत का ते?"

हे पटण्यासारखं होतं. तिने हातवाऱ्यांनी आजवर दोन चष्मे आणि एक कॉफीचा कप उडवला होता. तिने स्टँड उचलून फुलीवर ठेवला. नेहमीपेक्षा जड लागला. चाळिशी उलटल्यावर सगळंच जड लागतं, असं म्हणून ती पुन्हा पाठ करून उभी राहिली.

त्या संध्याकाळी चिमणी गायली. अशी गायली की टाळ्याताईच्या पाठीवर काटा आला. गाण्याआधी निवेदकाने तिला कॅमेऱ्यासमोर विचारलं, आणि पोरीने पहिल्यांदाच स्वतःची गोष्ट सांगितली. आई, कपाट, स्वेटर.

समोर एकही चेहरा हलला नाही. एका गृहस्थाने घड्याळ बघितलं. टाळ्याताईने छातीवर तळहात ठेवला, दाबला, जवळजवळ बडवला. काही नाही.

परीक्षक म्हणाले, "गाणं सुरेख. पण का कोण जाणे, हे सगळं आधी कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय."

४

"तुम्हाला ती पोर आवडली नाही का?" पुढच्या आठवड्यात चहाच्या मशीनपाशी टाळ्याताईने नर्सबाईंना सहज विचारावं तसं विचारलं. "गेल्या खेपेला ती कपाटाचं सांगत होती, ती?"

नर्सबाईंनी नाक मुरडलं. "ती होय? बरी गाते. पण ताई, सरळसरळ नक्कल आहे हो! आपल्या सकाळच्या मुलीची. गोष्ट चोरली, केस मागे सारायची लकब चोरली. लाज असते माणसाला."

"सकाळची मुलगी? अहो, तो स्टँड आहे. गोष्ट मी रचलेली."

"हो का," नर्सबाई म्हणाल्या आणि लहान मुलाच्या थापेला हसावं तसं समजुतीने हसल्या. "तुमची पाठ असते ना तिकडे. तुम्हाला कसं दिसणार!"

टाळ्याताईही हसली. तिला हसू येत नव्हतं, पण हसण्याचाच धंदा तिचा, एक बोट वर केलं की झालं. बाई वयस्कर आहेत, तिने स्वतःला समजावलं. शिवाय तीनशे माणसं एका खोलीत कोंडली की एकाची जांभई सगळ्यांना लागते. रडूही लागत असेल.

दुपारी एडिटरने तिला वर बोलावलं. "ताई, सकाळी तुम्ही यांना गाणं कुठलं लावलं होतंत?"

"कुठलंच नाही. मी कधी लावते?"

त्याने पडद्यावर सकाळची चित्रं दाखवली. तिची स्वतःची पाठ, अंबाडा, हात खाली. आणि पलीकडे तीनशे चेहरे, ओले. सगळ्यांचे ओठ हलत होते. एकदम हलत होते, एकदम थांबत होते. आवडीच्या गाण्याबरोबर माणसं मनातल्या मनात गुणगुणतात, तसे.

"आवाज वाढव," ती म्हणाली.

त्याने वाढवला. खुर्च्यांची करकर, पंखा, कुणाचं तरी नाक ओढणं.

"आणि स्टेजवरचा कॅमेरा?"

"सकाळी कोण लावतं? रिकाम्या स्टेजचं काय चित्र घ्यायचं?" एडिटर खूश होता. "पण कमाल आहे हं तुमची. बोटसुद्धा वर केलं नाहीत आणि ही माणसं अशी! यंदा आपला कार्यक्रम एक नंबरवर का आहे, माहितीये? या चेहऱ्यांमुळे."

५

तरीही चिमणी शेवटच्या तिघांत आली. गळाच तसा होता. घरात नुसता धुमाकूळ. मावशीने आनंदाच्या भरात दोनदा दूध उतू घालवलं, वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी येऊन पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. भिंतीवर धपाधप मारणाऱ्या शेजाऱ्यांनीसुद्धा "आम्ही आधीच ओळखलं होतं" म्हणून सांगितलं.

"ओळखलं होतं म्हणून भिंत फोडत होतात का?" मावशीने विचारलं.

सगळे गेल्यावर चिमणी ओट्यावर चढून बसली. "मावशी, एक सांगू? हसू नकोस."

"हसण्याची फी पडते. बोल."

"मी गाते ना, तेव्हा ते लोक माझ्याकडे बघतच नाहीत. जरा बाजूला बघतात. इथे." तिने आपल्या डाव्या खांद्याशेजारची हवा दाखवली. "आधी लांब बघायचे, स्टेजच्या टोकाला. आता अगदी इथे. मला वाटतं, माझ्या शेजारी कुणी उभं आहे आणि मी त्यांच्या मध्ये मध्ये गातेय."

"दिवे असतात गं डोळ्यांवर त्यांच्या."

"हं." पोरीने केस कानामागे सारले. "अंतिम फेरीचा निकाल त्यांच्याच हातात आहे पण. प्रत्येक खुर्चीला बटण लावलंय. मावशी, मला नाही ना जमणार?"

टाळ्याताईने तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. आणि मनाशी ठरवलं. गोष्ट आपण सुरू केली, आपणच संपवायची. काडीबाईंना उद्या घरी पाठवायचं. मग रडायला त्यांच्याकडे एकच पोर उरेल, खरी.

अंतिम फेरीच्या दिवशी सकाळी साडेदहाला ती उभी राहिली. बोट वर न करताच म्हणाली, "मंडळी, आज गोष्टीचा शेवट. ती मुलगी हरली. गळा बसला तिचा. घरी गेली आणि गाणं सोडून दिलं. संपलं."



तीनशे माणसांनी आधी तिच्या खांद्यावरून मागे बघितलं. त्या नजरेत इतकी माया होती, की टाळ्याताईलाच गलबलून आलं. मग त्या सगळ्या नजरा तिच्याकडे वळल्या, आणि त्यांत माया नव्हती.

नर्सबाई उठून उभ्या राहिल्या. "ताई, असं कसं बोलता हो? तिच्या तोंडावर?"

मागे लाकडी फळीवर लोखंड टेकल्याचा आवाज झाला. ठक्. स्टँडच्या गोल बैठकीचा तो आवाज टाळ्याताईने झोपेतही ओळखला असता. ठक्. या वेळी जवळ. जाकिटाच्या टिकल्यांची सळसळ तिच्या मानेपाशी आली, आणि जुन्या लोकरीचा, कपाटात कोंडलेल्या स्वेटरचा वास आला.

तिने वळून बघितलं नाही. माणूस वळून बघत नाही हो अशा वेळी. त्या सगळ्या सांगायच्या गोष्टी.

"गंमत केली!" ती घाईघाईने म्हणाली. आवाज चिरकला. "गंमत हो! हरेल कशी? जिंकणार आहे ती. आज संध्याकाळी. वचन देते मी तुम्हाला!"

इशारा न होता तीनशे माणसं उभी राहिली आणि टाळ्या वाजवू लागली.

६

संध्याकाळी सात. स्टुडिओत तर उधाण आलं होतं. दिवे, धूर, ढोल, निवेदकाचा नवा कोट. स्टेजच्या उजव्या बाजूला पडद्याआड चिमणी उभी होती, बर्फासारखी गार. कुणाचं लक्ष नाही असं बघून मावशीने खाली बसून तिच्या सँडलचा पट्टा घट्ट केला.

"इथून उजवीकडून जायचं, सात पायऱ्या. पडू नकोस, माझ्यावर गेली आहेस."

"मावशी, तू समोर असशील ना?"

"आणि जाणार कुठे? माझी पाठ बघून गा."

ती आपल्या जागी जाऊन उभी राहिली. निवेदकाने चिमणीचं नाव पुकारलं. टाळ्याताईने दोन बोटं वर करायला हात उचलला.

समोरचे सगळे डोळे डावीकडे वळले.

उजवीकडे नाही. डावीकडे. आणि सावकाश, पायरी पायरीने, मध्यावर आले. सातव्या पायरीला थांबले. सगळे चेहरे एकदम उजळले. बावीस वर्षांत तिने तीनशे चेहऱ्यांवर असं काही बघितलं नव्हतं. हे तिच्या बोटांनी कधी जमलं नसतं.

गाणं सुरू झालं. आवाज चिमणीचाच होता. तीच मुरकी, तोच किंचित खरखरीत खर्ज. लोक पहिल्या ओळीलाच रडायला लागले, परीक्षक खुर्चीतून अर्धे उठले. टाळ्याताईचा ऊर भरून आला, वाटलं नाचावं. दुसऱ्या ओळीनंतर चिमणी श्वास घ्यायची. घरी शंभरदा घेतलेला, जरासा ऐकू येणारा श्वास. तो आला नाही. तिसऱ्या ओळीनंतरही आला नाही. गाणं एकसंध पुढे चाललं होतं, कुठे न थांबता.

तिने मान फिरवली नाही. नुसती बुबुळं उजवीकडे नेली, जमतील तेवढी.

पडद्याआड, अंधारात, चिमणी उभी होती. तिथेच. माईक काखेत धरून स्टेजकडे बघत होती, तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ती टाळ्या वाजवत होती.

टाळ्याताईची मूठ वळली. मूठ वर केली की सगळं बंद. तीनशे माणसं गप्प होतील, गाणं उघडं पडेल, जे काय मागे उभं आहे ते उघडं पडेल. मूठ खांद्यापर्यंत आली.

आणि मग तिने खुर्च्यांवरची बटणं बघितली. तीनशे बोटं त्यांवर टेकलेली. पडद्यावर नाव कुणाचं होतं? चिमणीचं. गाणारी कुणी का असेना, मतं तर आमच्याच नावावर पडतील. दहा वर्षं कपाटात गायलीय पोर.

तिने मूठ उघडली. तीन बोटं वर केली.

आख्खं सभागृह उभं राहिलं.

७

"मला कुणी स्टेजवर ढकललंच नाही," घरी येताना गाडीत चिमणी एवढंच म्हणाली. "पण छान झालं ना गं गाणं?" जिंकल्याची ट्रॉफी मागच्या सीटवर दोघी बसायच्या आधीपासूनच होती.

सकाळी नऊपासून दार वाजायला लागलं. शेजारी, आजोबा, खालचा औषधवाला, चिमणीच्या शाळेतल्या बाई. छोट्याशा खोलीत चाळीस माणसं. चहाच्या तीन फेऱ्या झाल्या, कुणीतरी फुगे आणले, हसण्याने कानठळ्या बसत होत्या. टाळ्याताई मधोमध उभी राहून सगळ्यांना कालचं सांगत होती, आतल्या खोलीच्या दाराकडे पाठ करून. सवय, दुसरं काय. चिमणी तिला खेटून बसली होती, विस्कटलेल्या केसांनी, हातात बिस्कीट. अजून कुणी तिच्याशी एक शब्द बोललं नव्हतं.

शाळेच्या बाईंनी वर्तमानपत्र पुढे केलं. "काय गोड फोटो आलाय! बघा तरी."

फोटोत चिमणी होती. ट्रॉफी छातीशी धरलेली, केस कानामागे. टाका डाव्या भुवईवर.

टाळ्याताईने शेजारी बघितलं. चिमणीचा टाका उजवीकडे होता, नेहमी होता तिथेच. पोर फोटोकडे बघत नव्हती. ती खोलीतल्या माणसांकडे बघत होती.

हसणं थांबलं होतं. चाळीस माणसांच्या नजरा टाळ्याताईच्या खांद्यावरून मागे गेल्या होत्या, आतल्या खोलीच्या दाराकडे, एकोणीस वर्षांच्या मुलीचा चेहरा असतो तेवढ्या उंचीवर. आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारीणबाई दोन्ही हात छातीशी नेऊन हसल्या.

आत, कपाटाचं दार उघडलं. मग फरशीवर, ठक्.

"मावशी," चिमणी तिचा पदर धरून हळूच म्हणाली, "मूठ कर ना. मूठ कर."

टाळ्याताईने मूठ केली. उंच धरली. हात भरून येईपर्यंत धरली.

तिच्या मुठीकडे कुणी बघत नव्हतं. चाळीस माणसं टाळ्या वाजवायला लागली होती.